गार पडलेल्या पेशी

पडदा वर जातो, तेव्हा जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमधल्या माझ्या लेकीच्या घराची बाल्कनी दिसते. मागे टाउनुसचे डोंगर, निळसर, कुणी नुकतेच रंगवून वाळायला ठेवल्यासारखे. रविवारची दुपार. इथला रविवार म्हणजे भरलेल्या थिएटरातली शांतता, कुणी साधं खोकत नाही. डावीकडून स्वराली प्रवेश करते. हातात पोह्यांची बशी.

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी ही मुलगी गडहिंग्लजची. फ्रँकफुर्टच्या एका संस्थेत पीएचडी करते, तीही उलटी थांबवणाऱ्या औषधावर. आणि स्वतः मोटारीत बसली की पहिल्याच वळणाला पांढरीफटक!

"अगं, तुझंच औषध घे की," मी चिडवायची.

"माई, ते गाडी लागण्यावर नाही चालत. शिका जरा."

तिच्या आईला केमो चालू असताना जिभेवर विरघळणारी ती चिमुकली गोळी मिळायची. तिच्यामुळे आई अखेरच्या महिन्यांतही चार घास भात खाऊ शकली. उशाशी बसलेल्या स्वरालीला तेव्हा प्रश्न पडला, ही गोळी अंगात आणखी काय काय करत असेल? त्या प्रश्नाचं बोट धरून ती इथवर आली.

मला तिने माझ्या, म्हणजे जन्मभर रंगभूमीवर वावरलेल्या नटीच्या, भाषेत समजावलं होतं. सेरोटोनिन नावाचं रसायन विंगेतून प्रॉम्प्टिंग करतं, 'उलटी कर!' औषध नसांचे कान बंद करतं. तसलेच कान रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींनाही असतात. त्या आपल्या रखवालदार, पण चिडल्या की दाह पेटवतात, सूज आणतात. कान बंद केले तर त्यांचा संताप ओसरतो का, हे ती काचेच्या बशीत बघत होती.

मी डोळे मिटले. लिंडनच्या मोहराचा वास येत होता. तिसऱ्या घंटेआधी विंगेत पोटात कसं कालवायचं, आणि पहिलं वाक्य सुटलं की कसं निवायचं, ते आठवत होतं.

"माई, शुक्रवारी माझ्या पेशी गार पडल्या!"

मी दचकले. "अरे देवा! सगळ्या गेल्या?"

"गेल्या नाहीत हो! गार म्हणजे शांत. दाह करणारी रसायनं सोडेनातच."

"आमच्याकडे गार पडला म्हणजे खांद्यावर न्यायचा."

ती खळखळून हसली. मग हसू विरलं. चमच्याने पोहे उगाच इकडचे तिकडे करत म्हणाली, "तेच तर कळत नाहीये. या वेळी डोस वाढवला होता. मेलेली पेशीही गप्पच असते. उद्या निळा रंग घालून बघणार. मेलेल्या पेशीत तो शिरतो, जिवंत पेशी शिरू देत नाही. निळ्या झाल्या तर मी पेशींना शांत नाही केलं, मारलं. एवढ्या वर्षांचं काम पाण्यात."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर आईच्या गोळीला आणखीही काही येतं, एवढं म्हणता येईल. निदान बशीपुरतं."

मी तिचा हात हातात घेतला. गारच होता.

सोमवारी ती एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, गेली. मी बाल्कनीत बसून राहिले. डोंगर त्या दिवशी जरा जास्तच निळे दिसत होते. मला काही ते आवडेना.

"आई, चहा गार झाला," लेक विभावरी म्हणाली.

"तो शब्द आज नको गं," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. एरवी पुण्याची वाटावी असं बोलणारी ती पोर. आज तिच्या तोंडून एकदम गडहिंग्लज बाहेर पडलं,

"माई, जित्त्या हायत! समद्या जित्त्या हायत!"