चार वाजता येणारी शेगडी

पहाटेची पाळी करून आलेली मी कोट न काढताच सोफ्यावर आडवी होते. दुपारचे दोन वाजलेत. लेकीची, मैथिलीची शाळेची बस साडेतीनला येईल आणि चारला शेजारचा डग्लस त्याची जुनी लाकडाची शेगडी घेऊन येणार आहे. फुकट देतोय, वर गाडीभर लाकडंही. घर तापवायच्या तेलाच्या टाकीचा काटा तळाला टेकलाय. विजेचे दोन हीटर एकदम लावले की फ्यूज उडतो. कमी विजेत घर तापवणाऱ्या हीट पंपासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर उन्हाळ्यात लागेल म्हणतात आणि इथे, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, आत्ता जानेवारी आहे. नवरा, सुधन्वा, कामासाठी तिकडे दूर अल्बर्टात. डोळे मिटतात, तरी डोक्यात तेल, वीज, लाकूड, तेल, वीज, लाकूड चालूच राहतं. हळूहळू तेही पुसट होत जातं.

स्वयंपाकघरात कुणीतरी खोकतंय.

मी आत जाते. आई चुलीपुढे बसली आहे, हातात फुंकणी. खालची फरशी आमची इथलीच, पण भिंती सारवलेल्या, चंदगडच्या माहेरच्या. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. ते मला माहीत आहे, तरी मी विचारते, "आई, कधी आलीस?"

"तू लाकडं मागवलीस ना, म्हणून आले."

"नाइलाज आहे गं. काल पोरीच्या खोलीत तोंडातून वाफ निघत होती."

"आणि तिचा दम्याचा पंप?"

"दिवसातून चारदा लागतो आता." मी दुसरीकडे बघते. "पण त्या शेगडीला दार आहे, आई. धूर धुराड्यातून वर जातो. इथे सगळेच जाळतात."

"धुराडं बघितलंस?"

"तडा आहे त्याला." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुधन्वालासुद्धा नाही.

मी वळते तर बेळगावच्या दवाखान्याचा व्हरांडा. डॉक्टर आईला विचारतात, "बिडी ओढत होता का?" आई हसते. "आयुष्यात नाही हो." हसता हसता तिला उबळ येते. मी तिला मिठीत धरते. हाताला बरगड्या लागतात, बारीक बारीक. त्या मैथिलीच्या आहेत.

"मग मी काय करू?" मी ओरडते. "थंडीनं मारू तिला की धुरानं? सांग ना!"

"ओरडू नकोस." आता ती मैथिलीच्या पलंगावर बसली आहे आणि दुलईची शिवण उसवतेय. "अख्खं घर कशाला तापवतेस? एक खोली धर. दोघी तिथेच निजा, एकच हीटर लावा. उरलंय ते तेल नळ गोठू नयेत एवढ्यापुरतं ठेव." कापूस ओढून ती सुरीच्या टोकानं खिडकीच्या फटीत कोंबते. "आधी वारा अडव."

"एवढ्यानं भागेल?"

"माहीत नाही," आई म्हणते. "मला तर एवढंही कुणी सांगितलं नव्हतं."

बसचा हॉर्न वाजतो.

मी सोफ्यावर आहे. पाय बधिर झालेत. दार उघडते, मैथिली खोकत आत येते. तिचे हात हातात घेऊन मी डग्लसला फोन लावते.

"शेगडी नको."

"नक्की ना? आज रात्री उणे वीस आहे."

"नक्की काहीच नाही," मी म्हणते. "पण नको."

मग माझी गादी फरफटत मैथिलीच्या खोलीत नेते. तिच्या पलंगावरच्या दुलईची एक कड हातभर उसवलेली आहे. खिडकीची फट या टोकापासून त्या टोकापर्यंत कापसानं गच्च भरलेली, आणि खाली लोणी लावायची सुरी.

मी फटीपाशी हात धरते. वारा येत नाही.