माइक चालू हाय

आमच्या ह्यांचं नाव नागनाथ. वालूरात कुणालाबी विचारा, नागनाथ साउंडवाले कुठं राहतेत म्हणून, शेंबडं लेकरू बी आणून दारात सोडल. लग्न असू द्या, जयंती असू द्या, कुणाची सभा असू द्या, भोंगे ह्यांचेच. आन् आवाज असा की नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणले तरी बाया चुलीम्होरून उठून बाहेर येतेत. त्या आवाजावर भाळूनच मी लग्नाला हो म्हणलं, खोटं कामून बोलू! माणसाला वाचता येत न्हाई, हे मागून कळालं.

येत न्हाई म्हणजे, शाळेत गेलेत, सातवीपस्तोर शिकलेत. पण एक ओळ वाचायला घेतली की घाम फुटायचा. मधूनच ओळ सुटायची, खालच्या ओळीत शिरायचे, मंग चिडून पुस्तक आपटायचे. शाळेत कसं निभावलं? तर दुसऱ्या पोरानं वाचलेला धडा एकदा ऐकला की ह्यांना पाठ. गुरुजींनी उठवलं की पुस्तक धरून घडाघडा म्हणायचे. एक दिवस गुरुजी म्हणले, "मधून वाच, तिसऱ्या ओळीपासून." ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं! लय मार खाल्ला त्या दिवशी, आन् वर्गानं "ढ" नाव ठेवलं ते निराळंच.

ह्या न वाचण्याचा सगळा ताप माझ्या डोक्याला. लग्नात आहेर पुकारायचा असतो ना, तवा चिठ्ठी ह्यांच्या हातात आन् डोळे माझे. मी शेजारी बसून हळूच कानात नाव सांगणार, आन् हे भोंग्यातून असं पुकारणार की जणू पातळ ह्यांनीच नेसवलं. लोकं म्हणायची, काय प्रेम हाय बाई, बायकोला शेजारी घेतल्याबिगर माणूस कार्यक्रमच करत न्हाई. घ्या! मला बी एखाद्या लग्नात पंगतीला बसून निवांत जेवावं वाटत असल की न्हाई?

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी वाचन असतंय. घरटी एकाचा नंबर. आमच्या घराचा नंबर आला की ह्यांचं ठरलेलं, "मी माइकवर हाय, कुसुम वाचल." दरसाल मीच वाचायचे.

आता सुकेशनीचं सांगते. ही ह्यांच्या बहिणीची लेक. शिक्षणातच पीएच.डी. करायलीय. परवापरवा आमच्याकडं राहायला आली, गावातल्या शाळेत तिचं काम होतं. विषय काय, तर वाचताना अडखळणारी लेकरं. मी म्हणलं, "त्याच्यात काय संशोधन करायचंय? दोन रट्टे दिले की वाचतेत." अशी चवताळली पोरगी माझ्यावर!

"मामी, ही लेकरं हुशार असतेत. ऐकलेलं सगळं समजतंय त्यांना. पण अक्षर आन् त्याचा आवाज, ह्याची जोडी त्यांच्या डोक्यात जल्दी बसत न्हाई. रट्टे देऊन ती बसत न्हाई. नुसती भीती बसती."

हे खाली मान घालून वायर सोलत होते. मान काही वर केली न्हाई.

तिची पद्धत ऐका. लेकराच्या कानाला हेडफोन लावायचा. गोष्ट कुणीतरी वाचलेली ऐकायची, पुस्तकात ओळीखालून बोट फिरवायचं, आन् त्या आवाजासंगं आपण बी वाचायचं. मंग तीच गोष्ट पुन्हा, पण आवाज बारीक. पुन्हा, आणखी बारीक. शेवटाला आवाज बंद, आन् लेकरू एकटंच वाचतंय. याला रेकॉर्डिंग चांगलं पाहिजे. घरातच साउंडवाला मामा, मंग बाहेर कशाला जाती?

आन् वाचायला कोण? मीच! सामानाच्या शेडात पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. घामाच्या धारा लागलेल्या, आन् हे मला डाफरायलेत, "कुसुम, घाई नको. वाक्य संपलं की थांब." मी म्हणलं, "तुमाला कसं दिसलं वाक्य संपलेलं?" तर म्हणतेत, "दिसत न्हाई, ऐकू येतंय." 

एका दुपारी चहा घेऊन शेडात गेले. बघते तर हे हेडफोन लावून बसलेले, म्होरं लेकरांचं पुस्तक उघडं, बोट ओळीखाली, आन् ओठ हलायलेत. मला बघून दचकलेच.

"आवाज बरोबर हाय का बघायलोय," म्हणले.

"आवाज कानानं बघतेत. बोट कामून फिरायलंय?"

हे हेडफोन काढून वायर गुंडाळायला लागले. चहा तसाच ठेवला मी, आन् जाऊन सुकेशनीला सांगितलं. तिनं मामाला समोर बसवलं, लेकरांना देती तेच शब्द वाचायला दिले, किती वेळ लागतो, कुठं अडतेत, सगळं बघितलं. मंग म्हणली, "मामा, तुमी ढ नव्हते. ह्या माझ्या लेकरांसारखेच होते. तुमाला कुणी ओळखलं न्हाई, एवढंच."

हे त्या शब्दांवरून पुन्हा बोट फिरवत राहिले. मंग म्हणले, "म्हणजे गुरुजींच्या छड्या फुकटच खाल्ल्या म्हण की!" आन् खो खो हसायला लागले. हसता हसता दस्तीनं डोळे पुसले. मला बी भरून आलं. एवढ्या वर्षाचं ओझं माणसानं हसून खाली ठेवलं.

त्यानंतर जो नाद लागला, बाप्पा! सेलूला दवाखान्यात निघालो तर पाटी दिसली की गाडी हळू. "कृ...षी... सेवा... केंद्र." मागं मी, डोक्यावर ऊन. म्हणलं, "अहो, दुखतंय माझं गुडघं, मला काय खत घालायलाव का?" तरी पुढच्या पाटीला पुन्हा गाडी हळू झालीच.

यंदा वर्षावासात सिद्धोधन गुरुजींनी, म्हणजे विहाराचं सगळं तेच बघतेत, एक नवं पुस्तक आणलं. जुन्या काळच्या बायांच्या गोष्टी होत्या त्याच्यात, कुणीच आधी ऐकलेल्या न्हाईत. गुरुजी नंबर लावत होते. आमच्या घराचा आला तसे हे म्हणले, "ह्या टायमाला मी वाचणार." सगळा विहार वळून बघायला लागला.  सगळ्या गावासमोर अडकले तर? ज्या माणसाचा आवाज गावाला ठाऊक, त्याचीच मान खाली जायची.

आमच्या नंबरला कोणती पानं येणार ते बघून मी ती वाचून दिली, ह्यांनी रेकॉर्ड केली, आन् रोज शेडात तालीम. हळूहळू हेडफोन काढून बी म्हणायला लागले. चांगलं म्हणायचे. पण मला एकच फिकीर. हे वाचायलेत, का पाठ झालंय? सुकेशनीला विचारलं तर ती म्हणली, "मामी, मला बी सांगता येईना. ऐकलेलं त्यांना लगेच पाठ होतंय."

आमच्या नंबरच्या आदल्या दिवशी विहारात भंतेजी आले. प्रवचन लय चांगलं झालं, पण त्यात त्या दिवसाचं वाचन राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी खीर करून नेली, माइक सांभाळायला सुकेशनी बसली, हे पांढराशुभ्र सदरा घालून पुढं बसले. आन् गुरुजींनी पुस्तक उघडून दिलं, "कालची पानं राहिलीत नागनाथराव, तिथून घ्या."

संपलं! ती पानं तर ह्यांनी बघितली बी नव्हती. मी उठलेच, "गुरुजी, मी वाचते की..." ह्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मानेनंच न्हाई म्हणले. मी खाली बसले.

ह्यांनी ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलायलेत, पण आवाजच येईना.  मागून कुणीतरी म्हणलं, "माइक बंद पडला काय?"

हे पुस्तकातून मान वर न करता म्हणले, "माइक चालू हाय. मीच हळू हाय."

असा हशा पिकला म्हणता! गुरुजी सुद्धा हसले. आन् त्या हशातच ह्यांचं पहिलं वाक्य निघालं. "कुं...भाराची... लेक... बुद्धांना... भेटायला निघाली." मंग दुसरं. अडायचे, मागं जायचे, पुन्हा धरायचे. भोंग्यातला तो रुबाब कुठंच नव्हता, शाळेतलं लेकरू वाचतंय तसं वाचायलेत. पण पाठ केलेलं नव्हतं, एकेक शब्द ह्यांनी स्वतःच काढलेला होता. मी पदर तोंडाला लावून रडायलेय, आन् शेजारची बबिता विचारायलीय, "वहिनी, गोष्ट तर चांगली चाललीय, रडायलाव कामून?"

त्या लेकीच्या वाटंत नदी लागली. नदीला पूर. नावाडी म्हणला, "पोरी, परत जा." तिथं पान संपलं. अंधारून आलं होतं, लेकरं पेंगायली होती. एरवी अर्ध्या वेळात होतंय तेवढं वाचन, पण एक माणूस उठला न्हाई.

गुरुजी म्हणले, "साधू, साधू. झालं नागनाथराव, पुढचं उद्या."

हे काही उठेनात. मी मागून हाक मारली, "अहो, उठा आता! खीर आळायलीय!"

"आळू दे," हे माइकमधूनच म्हणले. "ती पोरगी पल्याड गेली का न्हाई, ते बघू तर दे मला."

आन् पान उलटून ह्यांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीखाली ठेवलं.