बारा रंगांची पंगत

चारुलताबाईंनी प्रेमिलाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या बोटामुळे. १९७१ सालचा एक शनिवार. हनुमाननगरच्या महिला मंडळातला चित्रकलेचा वर्ग संपत आला होता. बाकीच्या बायका ब्रश धुवायला नळाकडे गेल्या होत्या. ही एकटी मागच्या सतरंजीवर बसून, वाटीतली शेवटची कढी निपटावी तसा ताटलीतला जांभळा रंग बोटानं निपटत होती. निपटलेलं सगळं तिनं चित्रातल्या कावळ्याच्या पोटाला पुसलं. त्या कावळ्याची चोच आधीच लाल होती, पाठ हिरवी आणि शेपटी नारंगी.

"हा कावळा आहे ना?" बाईंनी विचारलं.

"कावळाच हाय बाई. जांभळा जराकसा उरला होता, टाकून काहून द्यायचा?"

चारुलताबाई मुलींच्या शाळेत अठरा वर्षं चित्रकला शिकवत होत्या; मंडळातला हा वर्गही त्याच घेत. रंग कमी पडला म्हणून रडणाऱ्या मुली त्यांनी खूप पाहिल्या होत्या. रंग उरला म्हणून कावळा सजवणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली.

प्रेमिला रामटेकजवळच्या एका धानाच्या गावची. नवरा महादेवराव एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. ती उंच होती, खांद्यांनी रुंद होती, आणि हसायला लागली की आधी खांदे हलत, आवाज मागून येई. माहेरी ताटात एक शीत राहिलं तरी बाप उठू देत नसे. ते वळण तिनं रंगांनाही लावलं होतं. ताटलीत बारा रंग दिले की बाराही संपले पाहिजेत.

"एकाले वाढलं आन् दुसऱ्याले उपाशी ठेवलं, असं कसं चालंल बाई?" ती म्हणे.

घरी चित्र नेलं की महादेवराव विचारत, "हे चित्र हाय का बैलाची झूल?" आणि सासू पंचफुलाबाई आतून म्हणत, "झूल बरी गा. ते पोळ्याले एकच दिवस पाहा लागते."

दर जानेवारीत सीताबर्डीवरच्या एका संस्थेत बायकांची चित्रस्पर्धा होई. दोनशे बायका बसत. त्यांतली चाळीस चित्रं निवडून आठ दिवस भिंतीवर लावत. बक्षीस कुणाला का मिळेना, प्रेमिलाला हवी होती ती भिंत. पहिल्या वर्षी तिचं चित्र गुंडाळी होऊन परत आलं. दुसऱ्या वर्षीही आलं. मंडळाचा नियम असा की तीनदा परत आलं की नाव कापायचं आणि ती जागा दुसरीला द्यायची. नाव कापायचं काम चारुलताबाईंकडे होतं. तिसरी स्पर्धा जवळ आली तशी त्यांनाच रात्री झोप लागेना. प्रेमिला मात्र गल्लीभर सांगत फिरत होती, "यंदा भित्तीवर लागते, पाहायले येजा."

बाईंनी तिला उष्ण रंग सांगितले, शीत रंग सांगितले, तोल सांगितला. ती मान डोलवी आणि बारा रंग संपवी.

डिसेंबरात एकदा तिनं बाईंना जेवायला बोलावलं. पाटावर बसल्या बसल्या बाई ताटाकडे पाहत राहिल्या. मधे भाताचा ढीग, त्यावर वरण, बाजूला वांग्याची भाजी आणि डावीकडे नखाएवढा ठेचा.

"ठेचा एवढासाच काहून गं?" बाईंनी मुद्दाम तिच्या बोलीत विचारलं. "भाताएवढा वाढ ना."

"बाप्पा. पाव्हण्याचा जीव घेऊ का?"

"मग लाल रंग का गं भाताएवढा वाढतेस?"

प्रेमिलाच्या हातातली पळी वाटेतच थांबली. वरणाची धार पाटावर सांडत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे एका रंगाचा भात करायचा," ती हळूहळू म्हणाली, "आन् एकाचा ठेचा."

"अगदी तेच."

"आन् बाकीच्यायचं? ते तं उरतीनच."

चारुलताबाईंनी भात मागून घेतला.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये सतरंज्यांच्या लांब रांगा टाकल्या होत्या. प्रत्येकीपुढे एक पाटी, पाटीवर कागद आणि शेजारी संस्थेनं दिलेली बारा रंगांची ताटली. वेळ तीन तास. विषय फळ्यावर लिहिला गेला: 'दुपार'. चारुलताबाई शिक्षिकांच्या बाकावर दाराशी बसल्या होत्या. तिथून बोलायला मनाई होती.

प्रेमिला पाव तास कागदाकडे नुसती बघत बसली. मग तिनं पांढऱ्यात पिवळा कालवला, भरपूर पाणी घातलं आणि अख्खा कागद भरून टाकला. रस्त्याला तोच रंग, भिंतीला तोच, आभाळालाही तोच. तपकिरी रंगानं एका कडुनिंबाखाली आखडलेली सावली काढली. वर एका गच्चीवर वाळत घातलेल्या भिवापुरी मिरच्या, नखाएवढ्या लाल. आणि ब्रश खाली ठेवला.

घड्याळात एकच तास झाला होता. ताटलीत आठ रंग अख्खे पडले होते. प्रेमिलाचा हात हिरव्याकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. चारुलताबाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

तेवढ्यात प्रेमिलानं मान वर करून आजूबाजूला पाहिलं. रांगेत बसलेल्या बायका, खाली घातलेल्या माना, पुढ्यात ताटल्या. तिचा चेहरा उजळला. तिनं पदर कमरेला खोचला, ताटली उचलली आणि उठून उभी राहिली.

"घ्या वं, हिरवा घ्या. अख्खा हाय, हात नाही लावला."

"नको हो, आहे मला."

"असं कसं? जराकसा तं घ्या."

एकीनं ताटलीवर आडवा हात धरला. प्रेमिलानं बोटांच्या फटीतून निळा वाढला. ती रांग संपवून पुढच्या रांगेला लागली तेव्हा देखरेखीच्या शोभाताई धावत आल्या.

"अहो, हे काय चाललंय तुमचं?"

"वाढून राहिली ताई. तुमाले पायजे का गुलाबी?"

ताटली रिकामी झाली तशी ती जागेवर येऊन मांडी घालून निवांत बसली. पण ताटलीत पडलेलं टाकून द्यायचं नाही, हे वळण काही एकट्या प्रेमिलाला नव्हतं. पुढच्या तासाभरात दोन रांगांमधल्या दुपारींत मोर उतरले, पतंग उडाले, एका कोरड्या विहिरीवर इंद्रधनुष्य आलं. धरमपेठेच्या अरुंधतीबाईंची करडी, शांत दुपार होती, तिच्यात जांभळी म्हैस येऊन बसली.

अरुंधतीबाईंनी परीक्षकांकडे तक्रार केली. परीक्षक म्हातारे चित्रकार होते.

"तुम्ही नको म्हणायचं होतं," ते म्हणाले.

"म्हटलं ना. दोनदा म्हटलं."

"तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा कसं म्हणणार?"

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. नियमावलीत रंग देण्याला बंदी नव्हती. पुढच्या वर्षी अकरावा नियम छापून आला: 'स्पर्धकांनी एकमेकींना रंग वाढू नयेत.' चारुलताबाईंना पुढे कितीतरी जणींनी विचारलं, दुसऱ्यांची चित्रं बिघडवायचा तो डाव होता का. डाव असता तर प्रेमिलाला तो दुपारपर्यंत पोटात ठेवता आला नसता, एवढंच त्या सांगत.

गुरुवारी यादी लागली. प्रेमिलाचं चित्र अडतिसावं होतं. पाण्याच्या माठाशेजारी का होईना, पण भिंतीवर. ती अख्खं घर आणि अर्धी गल्ली घेऊन आली.

"एवढा कागद कोरा काहून सोडला वं?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

महादेवराव वीस पावलं मागे गेले, डोळ्यांवर हात धरला आणि चित्राकडे पाहत राहिले.

"ऊन लागून राहिलं," ते म्हणाले.

प्रेमिलाचे खांदे हलायला लागले. आवाज यायच्या आत चारुलताबाईच मोठ्यानं हसल्या.

मंडळाच्या यादीतून तिचं नाव कधीच कापलं गेलं नाही. प्रेमिला आता सावनेरला धाकट्या मुलाकडे राहते, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, आणि रोज सकाळी चहानंतर ती चित्र काढायला बसते.