शेवटचा भाग कुमुदताईंकडे

कुमुदताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सहशिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी लिहिलं आहे. मी यांतली कोणीच नाही. मी डहाणू स्टेशनजवळ ब्लाउज शिवणारी बाई. तेव्हा माझ्या लेखात मोठमोठे शब्द सापडले नाहीत, तर वाचकांनी राग मानू नये.

आमची ओळख जवळजवळ भांडणानंच झाली. तळासरीकडच्या आश्रमशाळेतून ताई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. ऐन लग्नसराईत दुकानात आल्या, पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढून मशीनवर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे उसवून हवंय." पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आम्ही. मी सरळ सांगितलं, असलं पाप माझ्या हातून व्हायचं नाही, दुसरा शिंपी बघा. ताई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. पुस्तक त्यांच्या स्वतःच्या कपाटातलं, एकुलतं एक, आणि वाचायला उत्सुक बायका आठ-दहा. एकीचं झाल्यावर दुसरीला द्यायचं, तर शेवटचीच्या हाती पडेपर्यंत पहिली सगळं विसरलेली असणार. म्हणून जुन्या बांधणीचा दोरा काढून त्याचे भाग करायचे, एकेकीनं एकेक भाग घरी न्यायचा आणि दर महिन्यातल्या एका शनिवारी ताईंच्या ओटीवर जमून, वेळ पुरेल तेवढ्यांनी, ओळीनं आपापला भाग सांगायचा. मग पुस्तकाचं काय, असं मी विचारलं. "सांगून झालं की तुम्ही परत शिवायचं," त्या म्हणाल्या, "आणि कुठून कुठं शिवायचं ते कळायला तुम्हाला ऐकायला यावं लागेल."

अशी मी अडकले. शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नव्हतं, आणि आता ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची वेष्टणं घालून कादंबऱ्यांचे भाग शिवते आहे. माझ्या घरचे सुरुवातीला हसायचे. हल्ली शनिवारी आपापलं जेवण वाढून घेतात.

या पद्धतीची गंमत अशी, की कोणा एकीला सगळी गोष्ट ठाऊक नसते. पुढचं कळायला शेजारणीचं ऐकावंच लागतं, मग ती कशीही सांगो. चिकूच्या वाडीवरच्या जमनाबेन घरी गुजराती बोलतात, मराठी अक्षर अक्षर लावून वाचतात आणि सांगताना दोन्ही भाषांची खिचडी करतात. कोणी त्यांना सुधारू लागलं की ताई नुसतं त्या बाईकडे बघतात, आणि ती बाई गप्प होते. एकदा तर भागांची अदलाबदल झाली. कादंबरीतल्या सासऱ्यांचं बारावं उरकलेलं, आणि जमनाबेननी सांगायला घेतलेल्या भागात ते सासरे मजेत चहा पीत बसलेले. आम्ही चक्रावलो. ते दुसरेच कोणी असतील, जुळे भाऊ असतील, असा खल सुरू झाला. ताईंनी पुस्तक पूर्वी वाचलेलं होतं, पण पदर तोंडाला लावून नुसत्या हसत राहिल्या. घोळ आम्हीच शोधून काढला, तेव्हा कुठं त्यांनी चहा टाकला.

ताई माणसांना कशा जपतात, त्याचंही एक सांगते. तळासरीजवळच्या पाड्यावरची आमची सुनंदा अंगणवाडीत काम करते. सुट्टीच्या दिवशीही पुस्तकासाठी डहाणूला जाणं तिच्या सासूबाईंना पटेना, आणि तिचं येणं बंद झालं. ताईंनी तिला बोल लावला नाही की सासूबाईंना उपदेश केला नाही. स्वतः पाड्यावर गेल्या, सासूबाईंबरोबर नागली पाखडत बसल्या आणि तोवर झालेली गोष्ट त्यांना रंगवून सांगितली. ऐन मोक्याच्या जागी थांबून म्हणाल्या, पुढचा भाग जिच्याकडे आहे ती शनिवारी सांगणार. त्या शनिवारी सुनंदा सगळ्यांच्या आधी हजर. सासूबाईंनीच पाठवलं होतं, नीट ऐकून ये असं बजावून.

आता गेल्या हिवाळ्याबद्दल लिहायला हवं.

ताईंना चालताना दम लागू लागला. तपासणीत हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. मुलानं त्यांना मुंबईला नेलं आणि ऑपरेशन ठरलं. आमची कादंबरी अर्ध्यावर आली होती. या वेळी ताईंनी मुद्दाम स्वतः न वाचलेली, नवी मागवलेली कादंबरी निवडली होती आणि शेवटचा भाग त्यांच्या वाट्याला आला होता. तो त्यांच्याबरोबर पिशवीतून मुंबईला गेला.

त्या शनिवारी आम्ही जमनाबेनच्या अंगणात जमलो. उरलेल्यांचे भाग सांगून झाले, आणि गोष्ट येऊन थांबली. कोणीतरी म्हणालं, दुसरी प्रत मिळेल, निदान मोबाइलवर शेवट तरी सापडेल. खरं तर त्यात वावगं काही नव्हतं. पण सुनंदा एरवी आपला भाग सांगण्यापलीकडे तोंड न उघडणारी, ती ताडकन म्हणाली, "शेवट ताईंकडे आहे. त्या येऊन सांगतील." मग कोणी तो विषय काढला नाही. मी घरी आले ती चिडूनच. कोणावर ते मलाच कळेना. ताईंचं काही बरंवाईट झालं तर, हा विचार मी मशीन चालवून चालवून दडपत होते. मला त्या हव्या होत्या. माझ्या सख्ख्या आईनंतर मला बसवून ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही.

ऑपरेशन नीट झाल्याचा मुलाचा फोन जमनाबेनना आला. त्या धापा टाकत दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांदेखत माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. मापं द्यायला आलेली मुलगी घाबरून गेली बिचारी. तरी एक धाकधूक उरलीच, कारण मुलाचं म्हणणं होतं की आईनं आता मुंबईलाच राहावं. त्यात त्याचंही काही चुकत नव्हतं.

ताई आल्या. वाळल्या होत्या, आवाज बारीक झाला होता, पण ओटीवर आपल्या जागी येऊन बसल्या. आम्ही सगळ्या टक लावून पाहत होतो. त्यांनी पिशवीतून तो भाग काढला आणि माझ्यापुढे धरला.

"रेखा, मी हा वाचलाच नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उघडला होता. म्हटलं, वाचून संपवला तर मला डहाणूला जायचं कारण काय उरेल? मिटून ठेवला. मुलालाही तेच सांगितलं, शेवट तिथं वाचायचाय."

मग आम्ही तो मोठ्यानं वाचला, एकेकीनं एकेक पान, आणि ताई भिंतीला टेकून ऐकत होत्या. खरं सांगू का, शेवट अगदीच साधा होता. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. ताई ऐकताहेत ना, हेच आम्ही मधूनमधून मान वर करून बघत होतो.

ताई, तुमच्या पंचाहत्तरीला साडी द्यावी, की शाल, यावर आमच्या शनिवारच्या मंडळात बराच वाद झाला. मी मात्र नव्या कादंबरीचे भाग वेगळे करून ठेवले आहेत, आणि शेवटचा तुमच्याच नावानं बाजूला काढला आहे. तो वाचायला तुम्ही ठणठणीत राहा. मग त्यानंतरचीही आणा, त्याच्याही पुढची आणा. तुम्ही शंभरीला पोहोचाल तेव्हा मला सुईत दोरा ओवता यायचा नाही, पण तो ओवून द्यायला मी कोणाला तरी बसवीन. तुम्ही फक्त ओटीवर येत राहा.