चोराने परत लावलेले नट

ती घटना आठवली की आजही मी माझा उजवा हात डाव्या हाताखाली झाकून घेतो. या हाताने नोकरीत हजारो पानं लिहिली, मोठ्यामोठ्यांना सलाम केले, दोन-चार नामचीन गुन्हेगारांच्या कॉलरी धरल्या. त्याचं मला काही वाटत नाही. एक काम मात्र असं केलं की खोडता आलं तर आजही खोडेन.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा अंबरनाथच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. शुक्रवारची सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. उल्हासनगर कॅम्प दोनमधले एक शेट घाईघाईने आत आले आणि ठाणे अंमलदाराला म्हणाले, "साब, माझ्या विमानात चोरी झाली."

अंमलदाराने आधी पुढे वाकून शेटच्या तोंडाला वास येतो का ते पाहिलं, मगच खुर्ची दिली.

विमान खरंच होतं. औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये उभं होतं. जुन्या काळी वैमानिकांना शिकवायला वापरायचे तसलं, दोन आसनांचं. पुढे पंखा आणि त्याच्यामागे नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेलं पेट्रोलचं इंजिन. शेटनी ते भंगाराच्या लिलावात घेतलं होतं. "काटनेवालाच होतो साब," ते मला सांगू लागले, "गॅस कटरवाला येऊन पण बसला होता. मी बोललो, जरा आत बसून तर बघू. बसलो, दांडी हातात धरली, आणि मग कटरवाल्याला चाय पाजून परत पाठवला." या गोष्टीला तीन वर्षं झाली होती आणि शेट अजून त्या आसनावरून मनाने उतरलेले नव्हते.

विमान दुरुस्त करत होते बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणारे एक वृद्ध गृहस्थ. त्यांना सगळे मास्तर म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी हवाई दलात इंजिन फिटर म्हणून काढली, मग एका कारखान्यात फोरमन झाले, आणि निवृत्तीनंतर रोज बदलापूरहून जेवणाचा डबा घेऊन या शेडमध्ये येऊ लागले. तिसरा माणूस शेडचा पहारेकरी. बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात त्याचा पाडा होता. भात घरात आलं की चार-सहा महिने तो पहाऱ्याचं काम करी.

चोरीला गेली होती दोन मॅग्नेटो. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रं. ती नसली तर इंजिन नुसतं लोखंड. आणि रविवारी ते इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलेलं. उडवायचं नव्हतं, जागेवरच चालवून दाखवायचं होतं. शेटनी निम्म्या कॅम्पाला आमंत्रण दिलं होतं, मुलाबाळांसकट.

मी पंच घेऊन गेलो, पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं. चाव्या तिघांकडे होत्या. अशा वेळी पोलिसाचं डोकं पाण्यासारखं उताराकडे धावतं. शेट फिर्यादी, मास्तर इज्जतदार, मग उरला कोण? त्यात दुपारी आमच्या खबऱ्याने खबर आणली, "साहेब, तो वॉचमन परवा कॅम्प दोनला भंगारगल्लीत गोणी घेऊन फिरत होता." सोन्याहून पिवळं झालं. मी त्याला ठाण्यात आणून बसवला.

"गोणीत काय होतं?"

"चिंध्या, साहेब."

"भंगारगल्लीत चिंध्या? बरं. चोरी कोणी केली?"

"चोरी नाय झाली, साहेब."

हा माणूस डोळ्याला डोळा देऊन बोलत होता, आणि मला तोच उर्मटपणा वाटला. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. तिसऱ्या उत्तराला मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. डोक्यावरची टोपी सरळ केली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसला.

मोठे साहेब राऊंडवरून आले आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत अटक दाखवा." याचा अर्थ मला चांगला माहीत होता. डोंगरातल्या पाड्यावरच्या माणसाचं नाव एकदा ठाण्याच्या रजिस्टरात चढलं की ते उतरत नाही. पुढे पंचक्रोशीत कुठेही तांब्याची तार हलली की आधी त्याच्या झोपडीवर गाडी जाते. काम कोणी देत नाही. हे सगळं ठाऊक असून मी अटकेचे कागद काढायला सांगितले. काम झालं असंच मला वाटत होतं.

चारच्या सुमाराला मास्तर ठाण्यात आले. पांढरा शर्ट, हातात डबा. "जय भीम, साहेब," म्हणाले, आणि माझ्या परवानगीची वाट न पाहता डबा त्यांनी पहारेकऱ्यापुढे उघडून ठेवला. "सकाळपासून उपाशी असेल हा." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही जागा नीट बघितली का?"

"मास्तर, पंचनामा झालाय."

"नट बघितलेत?"

मला राग आला. तीन पानी पंचनामा लिहिणाऱ्याला कोणी असं विचारतं का? पण म्हाताऱ्या माणसाचा आवाज कापत होता, आणि तो भीतीने कापत नव्हता. मी जीप काढली.

शेडमध्ये मास्तरांनी इंजिनच्या मागे बॅटरी धरली. मॅग्नेटो जिथून काढली होती तिथले बोल्ट इंजिनातच जडवलेले होते. प्रत्येक बोल्टावर त्याचा वॉशर होता आणि त्यावर त्याचा नट, हाताने हळूच बसवलेला. सकाळी हे माझ्या डोळ्यांसमोरच होतं, पण मी जे गेलं ते लिहीत होतो. जे राहिलं ते पाहिलंच नव्हतं.

"भंगारचोराने छिन्नीने उडवले असते, साहेब. नाहीतर नट खिशात घातले असते, पितळ म्हणून."

दोन्ही भोकांत कापडाचे घट्ट बोळे कोंबलेले होते, धूळ जाऊ नये म्हणून. मी एक बोळा ओढून पाहिला. निळं जीन्सचं कापड. कॅम्पातल्या जीन्स पँटच्या कारखान्यांतली कात्रणं, भंगारगल्लीत किलोवर मिळतात ती. कोपऱ्यात त्याच कात्रणांनी भरलेली एक गोणी उभी होती. इंजिन पुसायला मास्तर दर आठवड्याला ती पहारेकऱ्याकडून मागवत. माझ्या खबऱ्याची खबर शंभर टक्के खरी होती आणि मी शंभर टक्के गाढव होतो.

"असं कोण करतं, मास्तर?"

"ज्याला शिकवलंय तो. काढलेला नट जमिनीवर ठेवायचा नाही, आपापल्या बोल्टावर परत चढवायचा. उघडं भोक झाकायचं. आम्हाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. मग माणूस चोरी करायला आला तरी हात ऐकत नाहीत."

"पाने कुठले लागतात?"

"इंची. गॅरेजमधले मिलिमीटरचे चालत नाहीत."

"मग असे पाने असलेली आणि हे शिकलेली माणसं या भागात किती?"

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. "एक," ते म्हणाले.

आयुष्यात मी बरेच कबुलीजबाब घेतले. हा एकच असा की आरोपीनेच मला बोटाला धरून तिथवर नेलं.

"दोन्ही मॅग्नेटो घरी तांदळाच्या डब्यात आहेत," मास्तर सांगू लागले, "ओल लागू नये म्हणून. साहेब, पंख्याच्या मधल्या हबला, म्हणजे पाती धरणाऱ्या तुंब्याला, तडा आहे. फिरताना तो फुटला तर पातं सुटून उडतं. दोन वर्षांपूर्वी मीच तो हब हातात घेतला होता. दिसायला इतका सुरेख होता की तपासायच्या आधी मी त्याला रंग दिला. फिटरने असं करायचं नसतं. कधीच नाही. परवा रंगाचा पोपडा उडाला तेव्हा शंका आली. शेटना म्हटलं, थांबा. ते हसले. याआधी तीनदा मी बारीकसारीक कारणाने थांबवलं होतं, मास्तर का मुहूर्त म्हणून माझी चेष्टा चालते. तडा आहे म्हणालो असतो तर ऐकलं असतं त्यांनी. पण मग रंगाचं सांगावं लागलं असतं. ते तोंडातून निघेना. रविवारी पंख्याच्या आजूबाजूला पोरंबाळं उभी राहणार होती, म्हणून ठिणगीच काढून नेली. याला तुम्ही पकडाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवायची चूक मला दुसऱ्यांदा करायची नव्हती. मी ठाण्यातून पंच, मोठे साहेब आणि गुन्ह्यांच्या फळ्यावरचा खडू मागवला, आणि शेटना बोलावून घेतलं. मास्तरांनी हबवरचा रंग खरवडला. रॉकेलची चिंधी फिरवली, कोरड्या चिंधीने लख्ख पुसलं, वर खडूची पूड फासली आणि म्हणाले, "आता थांबा." आम्ही थांबलो. थोड्या वेळाने त्या पांढऱ्या पुडीवर केसाएवढी काळी रेघ उमटली. फटीत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघ वाढत वाढत बोटभर झाली.

शेटनी वाकून ती रेघ जवळून पाहिली. "मेरी पोती को मैं सबसे आगे खड़ा करनेवाला था," ते म्हणाले.

ठाण्यात परतल्यावर मी पहारेकऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मास्तर काढीत व्हते तवा मी बॅटरी धरली व्हती, साहेब."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मास्तरांनी नेला तं विंजनाच्या बऱ्यासाठीच नेला असंल. त्याला चोरी कशी म्हनू? आनि नाव घेतला असता तं तुम्ही त्यांनापन हितंच बसवला असता." मग म्हणाला, "त्या शेडमदी मला नावाने हाक मारनारा तो येकच मानूस हाय."

सगळ्या स्टाफसमोर मी त्या पहारेकऱ्यांना म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा." ते म्हणाले, "मंग मी जाऊ का?" आणि रिकामा डबा घेऊन मास्तरांबरोबर चालू लागले. अटकेचे कागद मी स्वतः फाडले. अप्रामाणिक हेतू नाही, फिर्याद गैरसमजातून दिलेली, असा 'क' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल न्यायालयात गेला आणि मंजूर झाला.

मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. तपास मी केलाच नव्हता. एका म्हाताऱ्याने आपली लाज गिळली आणि एका डोंगरातल्या माणसाने माझा मार गिळला, म्हणून दोन निरपराध वाचले. दोघांचे उपकार माझ्यावर आहेत. पुढे फौजदारांच्या नव्या तुकड्या हाताखाली आल्या तेव्हा मी त्यांना एवढंच सांगत असे की घटनास्थळी जे गेलंय ते फिर्यादी सांगेलच, जे राहिलंय ते तुम्ही बघा. आणि हात खिशात ठेवून प्रश्न विचारा.

दुसरा हब मिळायला वर्ष गेलं. इंजिन सुरू करायच्या दिवशी शेटनी मला मुद्दाम बोलावलं. या खेपेला मास्तरांनी सगळ्यांसमोर रॉकेल आणि खडू काढला, आणि आपली जुनी चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. रेघ उमटली नाही. अशा इंजिनात खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरून बसतं, म्हणून आधी पंखा हाताने फिरवावा लागतो. तो मान मास्तरांनी पहारेकऱ्यांना दिला. एकेक पातं ढकलत, तोंडाने मोजत त्यांनी तो फिरवला. मग मास्तर आत चढून बसले.

नीट दिसावं म्हणून मी पंख्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो. तेवढ्यात कोणीतरी माझं उजवं मनगट घट्ट पकडून मला मागे ओढलं.

"साहेब, पंख्याच्या रेघंत उभा नाय ऱ्हायचा. पाता सुटला तं हितंच येतो."

इंजिन दोनदा खोकलं, निळ्या धुराचा लोट आला, आणि नऊच्या नऊ सिलिंडर बोलू लागले. शेट रडत होते. आवाज जमिनीतून माझ्या छातीत येत होता. इंजिन चालू होतं तोवर पहारेकऱ्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही तो सोडवून घेतला नाही.