हुर्र म्हणून मारलेली हाक

"हुर्र! हुर्र! हा!"

सगळी गॅलरी माझ्याकडे बघून ओरडत होती. मी फ्री थ्रोच्या रेषेवर, चेंडू हातात. सांगलीत, कॉलेजच्या बास्केटबॉलची फायनल.

ही आरोळी आमचीच, मेंढरं हाकायची. आम्ही माण तालुक्यातले, मेंढरांमागं फिरणारे. पहिल्या वर्षी सरावात चेंडूचा पास मागताना ती माझ्या तोंडून निघून गेली. माळावरची सवय, दुसरं काय! ऊसवाल्या घरातली आमची कॅप्टन हसून हसून खाली बसली. तिथून माझं नावच संपलं. मेसमध्ये हुर्र, वर्गात हुर्र. आमचे कोच सर म्हणाले, "अगं, लाडानं म्हणतात." हॉस्टेलची खोली खेळावरच मिळालेली. कोणाच्या तोंडाला लागणार? मीही हसायला शिकले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

फायनलला एका सरकारी खात्याच्या संघाचे साहेब आले होते, खेळाडू निवडायला. निवड म्हणजे नोकरी आणि पुढंही खेळ. माझे वडील, आबा, पहिल्यांदाच बघायला आले होते. खांद्यावर घोंगडं.

आरोळी ऐकून आबा उभेच राहिले. त्यांना वाटलं, सगळी सांगली आपल्या लेकीला आपल्या बोलीत हुरूप देतेय. तोंडाशी हात धरून त्यांनीही पोटातून आरोळी दिली. गॅलरी हसून लोळली. मोबाइल वर झाले. "आजोबा, अजून एकदा!"

आबांनी दिली. हसत, हात जोडत.

मी नेम न धरताच टाकला. चेंडू रिंगला लागून बाहेर गेला. दुसरा फ्री थ्रो बाकी होता.

"ए हुर्र, हा तरी नीट टाक!" कॅप्टन ओरडली.

मी चेंडू खाली ठेवला. "नाव घे माझं."

"आत्ता?"

"आत्ताच."

तिनं सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "नाटकं करायची तर बाहेर बस."

मी बाहेर बसले. साहेबांनी कॅप्टनला निवडलं.

एसटीत आबा खुशीत होते. "लोकांची लय माया हाय गं तुज्यावर."

गप्प बसले असते तर ती खुशी राहिली असती. पण गप्प बसूनच मी इथवर आले होते.

"न्हाई आबा. हसत हुती ती. मला, आन् तुमाला बी."

आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, घडी घालून मांडीवर ठेवलं, ते गावाकडं दहिवडीला उतरेपर्यंत तिथंच. मला रडू येत होतं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात साताऱ्यात दुसऱ्या खात्याची निवड आहे. मी जाणार. तिथंही जिला माझं नाव घेता येत नाही, तिला माझा पास मिळणार नाही. नोकरी गेली तर गेली.