त्याच विहिरीवर पुन्हा अडवलं

परवा बुद्धपौर्णिमेला गावी गेलो होतो, अहमदपूरजवळ. विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने वर्षभराचा हट्ट पुढे केला... विहिरीत पोहायला शिकायचं.

लातूरला यंदा घरातला प्रत्येक कॅन टँकरच्या पाण्यासाठी राखलेला. तरी बायकोने एक रिकामा दिला होता, तरंगायला लेकीच्या पाठीला बांधायचा म्हणून.

मी तिला मुद्दाम माणिकरावांच्या विहिरीवर नेलं. लातूर जिल्हा नवानवा झाला, त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. पोरांसोबत पोहायला याच विहिरीत उतरत होतो, तर तिसऱ्या पायरीवर तरण्याबांड माणिकरावांनी हात आडवा घातला. फक्त मला. कारण सांगितलं नाही... सांगायची गरजच नव्हती. त्या एका हातावर मी पुढे किती व्यासपीठांवरून बोललो असेन.

माणिकराव आता सत्तरीचे. लिंबाखाली बसले होते. आम्हाला पाहून उठले आणि एवढंच म्हणाले, "उतरू नका."

झालं... मी सुरू झालो. पाणी कुणाच्या बापाचं नसतं इथपासून संविधानापर्यंत सगळं बोललो. आणि लेकीला म्हटलं, "जा, मार उडी. बघू कोण अडवतं."

पाठीला कॅन बांधलेली ती काठावर गेली. खाली हिरवंगार पाणी दिसत होतं. तिने नाक दाबलं, आणि माणिकरावांनी तिचं मनगट धरलं... घट्ट.

तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.  म्हाताऱ्याने लेकीला माझ्याकडे ढकलून बादलीच्या दोराला दगड बांधला आणि विहिरीत सोडला. पाण्यात बुडाल्याचा आवाज आलाच नाही. ठक्क झालं... दगडावर दगड.

वर काढला तेव्हा दोर जेमतेम वीतभर ओला होता. पाणी लागावं म्हणून त्यांनी यंदा सुरुंग लावले होते. पाणी लागलं नाही, खडकाचे सुळके तेवढे राहिले. त्यावर वीतभर पाणी आणि वर शेवाळं. मला तीच लहानपणची खोल विहीर दिसत होती.

दोर गुंडाळत माणिकराव म्हणाले, "तवा पानी होतं, तरी आडवलं तुला. आज पानी न्हाई, म्हनून आडवायलोय."

आणि लिंबाखाली जाऊन बसले.

ती माफी होती का? की नुसती माहिती? दोन दिवस झाले, मला ठरवता येत नाहीये. तो हात मी विसरणार नाही, विसरूही नये. पण लेकीच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत, तेही त्याच हाताचे... त्यांचं काय करू?

गाडीवर मागे बसून लेकीने विचारलं, "पप्पा, त्या आजोबांना थँक्यू का नाही म्हणालात?" दोन-दोन तास बोलणारा मी, एवढंच म्हणालो, "नीट धरून बस."

सुट्टीत लेकरं गावच्या विहिरीकडे निघाली, तर आधी दोराला दगड बांधून पाणी बघा. दिसतं तेवढं पाणी यंदा कुठेच नाही.

थँक्यू राहून गेलं, की मीच म्हटलं नाही... खरंच कळत नाही. आत्ता ती शेजारी बसून पुढच्या उन्हाळ्यात कुठे पोहायचं ते ठरवते आहे. मी ऐकतो आहे.